अकरांत पहिला

ही गोष्ट पूर्ण अशी मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. तुकडे सांगितलेत. एक बायकोला, एक मंदारला, आणि सगळ्यात जड तुकडा फोनवर एका मुलीला. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता – नाही. गाळायची मला चांगलीच सवय आहे, हे तुमच्या लवकरच लक्षात येईल.

मी जर्मनीत राहतो, उत्तरेकडच्या एका शहरात. शहराचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी आहे, शहराची नाही. तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत धातूंना तडे का जातात यावर काम करतो. सोळा वर्षं झाली. दाराच्या पाटीवर नावाआधी डॉक्टर लिहिलेलं आहे आणि इथले लोक ते उच्चारतातही, अगदी पोस्टमनसुद्धा. ऐकायला बरं वाटतं – त्याबद्दल कशाला खोटं बोलू?

खोटं मी दुसरीकडे बोललो.

'मी बारावीला पहिला आलो होतो.' हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल? लग्न ठरताना म्हटलं. इथल्या मराठी मंडळात, डब्यातले फराळाचे पदार्थ एकमेकांच्या ताटात वाढताना म्हटलं. मुलीला गणितात कमी मार्क पडले की हमखास म्हटलं. आणि गंमत म्हणजे वाक्य शंभर टक्के खरं आहे. मी पहिलाच आलो होतो. कुठे, किती जणांत आणि किती टक्क्यांनी, एवढंच मी कधी सांगितलं नाही. ऐकणाऱ्यांनी आपापल्या मनाने बोर्ड घातलं, मेरिट लिस्ट घातली, आणि मी ती घालू दिली. सासरी तर 'आमचे जावई मेरिटचे' हे इतकं पक्कं झालं की पुढे दुरुस्त करायला तोंड उरलं नाही.

तर आता सांगतो. तालुक्याच्या गावातलं कनिष्ठ महाविद्यालय, सायन्सचा वर्ग, विद्यार्थी अकरा. केमिस्ट्रीची जागा पावणेदोन वर्षं रिकामी होती, म्हणून केमिस्ट्री आम्ही गाइडमधून शिकलो, म्हणजे शिकलो नाही. फिजिक्सचे सरच गणित घ्यायचे. प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर एकच होता आणि तो आळीपाळीने वापरायचा. त्या अकरांत मी पहिला – एकसष्ट पूर्णांक त्र्याऐंशी टक्के. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती गाय मी.

एवढ्या टक्क्यांवर इंजिनिअरिंगला कुणी दारात उभं केलं नसतं. पण आमच्या भागातल्या सरकारी विद्यापीठाने त्या काळात एक पद्धत ठेवली होती. ग्रामीण भागातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात सायन्सला जो पहिला येईल त्याला विद्यापीठात थेट प्रवेश. प्रवेश परीक्षा नाही, टक्क्यांची अट नाही. 'थेट यादी' म्हणायचे तिला. त्यामागचा विचार साधा होता: शहरातल्या मुलाची तुलना शहरातल्या मुलाशी करा आणि केमिस्ट्रीच्या सरांशिवाय बारावी झालेल्याची तुलना त्याच्याच बाकावरच्या मुलांशी. वडील एसटी डेपोत मेकॅनिक होते. ते म्हणाले, "अकरांत का असेना, तुझ्या पुढं कोण नव्हतं ना?" त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. मला वाटलं. का वाटलं?

पहिल्या सेमिस्टरला मी दोन विषयांत आपटलो. हॉस्टेलवर थेट यादीच्या मुलांना 'थेट' याच नावाने हाक मारत. 'ए थेट, पाण्याची बाटली दे.' त्यात माझं आडनाव – ते ऐकलं की आमच्याकडे लोकांना बाकीचं सगळं आपोआप कळतं, आपण कुठल्या वस्तीतले, घरात बुद्धाची तसबीर आहे की नाही, सगळं. म्हणजे एकाच माणसावर दोन शिक्के. मी दात-ओठ खाऊन अभ्यास केला. दुसऱ्या वर्षी बरा झालो, शेवटच्या वर्षी चांगला. आणि ज्या दिवशी विद्यापीठाबाहेर पडलो त्या दिवशी 'थेट' हा शब्द तिथेच टाकून आलो. 'पहिला' तेवढा बरोबर घेतला.

इथवर तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? कोण नाही थोडं वाढवून सांगत? मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण मला सांगायचं आहे ते हे नाहीच. मी अजून आडवळणानेच चाललोय.

आमच्या विभागात मास्टर्सला प्रवेश द्यायला एक छोटी समिती असते. दरवर्षी भारतातून पुष्कळ अर्ज येतात आणि जर्मन प्राध्यापकांना त्या मार्कलिस्टांमधलं ओ की ठो कळत नाही. सत्तर टक्के म्हणजे हुशार की ढ? एका विद्यापीठातले सत्तर दुसऱ्या विद्यापीठातले किती? म्हणून भारतीय अर्जांचा गठ्ठा माझ्याकडे येतो. मी प्रत्येकावर दोन ओळींचा शेरा लिहायचा आणि समिती त्यावर विसंबते. आता सांगा, उंटावरून शेळ्या हाकायला यापेक्षा उंच उंट कुठे मिळेल? अर्ज ऑनलाइन येतात, पण आमच्याकडे त्यांची प्रिंट काढून, भोकं पाडून जाड फाइलमध्ये लावल्याशिवाय ते आले असं कुणी मानत नाही.

सहा वर्षांपूर्वी त्या गठ्ठ्यात प्रज्ञाचा अर्ज होता.

आधी तो मंदारने वाचला. मंदार पुण्याचा, माझ्याच विभागात आणि त्या समितीतही, माझ्याच वयाचा, चौथ्या पिढीचा इंजिनिअर. वाचून तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "अरे, ही पोरगी घेऊया. ग्राफ बघ हिचा. पहिल्या सेमला दोन विषय गेलेत आणि शेवटच्या वर्षाला वर्गात दुसरी. अशी माणसं तुटत नाहीत."

मी अर्ज वाचला. बारावीला चौसष्ट टक्के, कॉलेजात पहिली. तिने पत्रात काहीच लपवलं नव्हतं. लिहिलं होतं की गाव लहान, वर्गात बारा जण, शिक्षक अर्धेच. मी थेट यादीतून विद्यापीठात आले, पहिल्या सेमिस्टरला नापास झाले, आणि मग उठले. तिचा तालुका माझा नव्हता, शेजारचा होता. विद्यापीठ तेच. आडनावही आमच्यातलंच.

अशा वेळी माणसाला काय व्हावं? आनंद व्हावा ना? मला घाम फुटला.

मी तिच्या अर्जावर लिहिलं: 'शालेय पाया कच्चा. कॉलेजात पहिला क्रमांक, परंतु कॉलेज अतिशय लहान. क्रमांकाला अर्थ नाही.' जर्मनमध्ये लिहिलं, नेटकं, एकही चूक न करता. मंदारने भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "तुला तिकडच्या कॉलेजांचं माहीत नाही, मला माहीत आहे." हेही शब्दशः खरंच होतं. आणि अर्ज नकाराच्या बाजूला सरकवला.

हा माझा कबुलीजबाब. बाकीचं सगळं त्याच्या आगेमागे.

का केलं? बरीच वर्षं मी स्वतःला एक छान उत्तर देत होतो – आपल्या माणसाला घेतलं तर लोक म्हणतील यानं आपलं माणूस घुसवलं, म्हणून जास्तच कडक राहिलो. कोण लोक? जर्मनांना आमच्या आडनावातलं काय कळतं? त्यांना आमच्या दोघांची आडनावं नीट उच्चारताही येत नाहीत. एकटा मंदार ओळखू शकला असता, आणि तो तर तिला घ्या म्हणत होता. म्हणजे मला ज्याची भीती होती तो माणूस त्या खोलीत नव्हताच. मी त्याला हॉस्टेलमधून उचलून इतक्या लांब बरोबर आणला होता.

आणि खरं उत्तर याहून लहान आहे. तिचं पत्र समितीत वाचलं गेलं असतं तर प्राध्यापकांनी मला नक्की विचारलं असतं – अशी यादी असते का हो तिकडे? तुम्हाला ठाऊक आहे? आणि मला म्हणावं लागलं असतं, हो, मी तिच्यातूनच आलोय. मंदारसमोर. तेवढं एक वाक्य तोंडातून काढावं लागू नये म्हणून मी एका मुलीचं वर्ष घेतलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते मी लहानपणापासून दुसऱ्यांबद्दल ऐकत आलो होतो.

त्यानंतर मी विसरलो. लिहायला लाज वाटते, पण विसरलो. रोजचं काम, मुलीची शाळा, घर बदलणं. शेरा लिहिणाऱ्याला विसरता येतं.

या एप्रिलमध्ये आमची जयंती होती. इथे कामाला असलेली आपली बौद्ध मंडळी मिळेल तिथे हॉल भाड्याने घेऊन साजरी करतात. यंदा ती श्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला होती. तिथल्या मोठ्या कंपनीत आपले बरेच इंजिनिअर आहेत, त्यांनीच सगळं जमवलं होतं. निळे झेंडे, वंदना, प्रत्येकाने घरून करून आणलेलं जेवण, आणि मराठी समजणारी पण उत्तर जर्मनमध्ये देणारी पोरं. जेवणाआधी तिथल्या ताईंनी पाहुणी म्हणून एका मुलीला बोलायला उभं केलं. कायझर्सलाउटर्नला पीएचडी करते, म्हणाल्या. नाव प्रज्ञा.

आडनाव ऐकलं आणि मला सगळं एकदम आठवलं. म्हणजे विसरलो नव्हतोच.

ती पोरांशी बोलत होती, हसत हसत. म्हणाली, "मला पहिल्यांदा एका युनिव्हर्सिटीनं नाही म्हटलं होतं. मी कारण विचारलं, तर त्यांच्या ऑफिसनं शेरा जसाच्या तसा पाठवला. 'क्रमांकाला अर्थ नाही.' मग एक वर्ष माझ्याच जुन्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. पहिल्या दिवशी ते वाक्य मराठीत फळ्यावर लिहिलं आणि मुलींना म्हटलं, हे आपण पुसायचंय, पण डस्टरनं नाही."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हे हात त्या वेळी मांडीवर ठेवता आले असते की नाही?

जेवताना ती माझ्याकडे आली. मी कुठल्या युनिव्हर्सिटीत आहे हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. नकार तिथूनच आलेला, पण शेऱ्याखाली नाव नसतं. ती म्हणाली, "दादा, एक काम होतं. त्या वर्षी मी शिकवलेली एक मुलगी, अश्विनी. बारावीला कॉलेजात पहिली आली, थेट यादीतून इंजिनिअरिंगला गेली. यंदा तुमच्याकडे अर्ज केलाय तिनं. शब्द टाका असं नाही म्हणत मी. फक्त नीट वाचतील एवढं बघाल का? तुम्ही आपले आहात म्हणून विचारते."

मी म्हटलं, "बघतो." आणि पातळ वरणाकडे बघत राहिलो.

परतीच्या गाडीने नेहमीप्रमाणे उशीर केला. पाच तासांच्या प्रवासाचे सात झाले आणि मला एरवी संताप येतो, त्या दिवशी आला नाही. मी मनात हिशेब मांडत होतो की अश्विनीला घेतलं की फिटलं. शेरा चांगला लिहायचा आणि गप्प बसायचं. कुणाला काही कळायची गरज नाही. मग हानोव्हरच्या आसपास कधीतरी लक्षात आलं की हाही तोच धंदा आहे. पहिल्यांदा लपायला नकार लिहिला, आता लपायला होकार लिहिणार. अर्ज त्या मुलीचा आणि त्याच्याआड उभा मी.

आठवडाभराने मी प्रज्ञाला फोन केला. दुपारच्या सुट्टीत, गाडीत बसून, काचा लावून. सगळं सांगितलं. शेरा कुणी लिहिला, मंदार काय म्हणाला होता, मी काय म्हणालो, आणि माझे टक्के. भीतीचं कारण सांगायला लागलो तशी थांबलो, कारण ते ऐकताना माझंच मला वाटलं की हा माणूस सवलत मागतोय.

ती म्हणाली, "त्या वर्षी माझे पपा आजारी होते. मला जायला मिळालं नाही म्हणून ते स्वतःला दोष देत राहिले. त्यांना वाटायचं, आपण गावाकडं राहिलो म्हणून पोरीचं असं झालं." मग म्हणाली, "आता बरे आहेत ते." आणि शेवटी, "अश्विनीचा अर्ज नीट वाचा, सर."

सर. हॉलमध्ये मी दादा होतो.

तिच्या वडिलांचं मला काहीच माहीत नव्हतं. शेरा लिहिताना मला फक्त एक कागद दिसत होता. फोन ठेवल्यावर मी गाडीतच बसून रडलो, पण त्याने काय होतं?

त्याच दिवशी मंदारला सांगितलं. तो चहा ढवळत राहिला. म्हणाला, "एकसष्ट? मला वाटायचं तू नव्वदवाला आहेस. तुझ्यासमोर मी बारा वर्षं माझे अठ्ठ्याहत्तर सांगायला लाजतोय." आम्ही हसलो. मग तो हसायचा थांबला आणि म्हणाला, "पण तिचं तू वाईट केलंस." मी हो म्हटलं. त्याने ते वाक्य मागे घेतलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

घरी मार्कलिस्ट शोधली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पासपोर्टांच्या खाली. टेबलावर ठेवली, तर मुलगी आली. ती अकरावीत आहे, पुढच्या वर्षी शाळेची शेवटची परीक्षा. इथे मार्क उलटे असतात, एक म्हणजे सर्वोत्तम, आणि हिला गणितात तीन आहेत म्हणून मी वर्षभर तिचं डोकं खाल्लंय. तिने आकडा वाचला, मी वर्गातली संख्या सांगितली. "एल्फ?" ती म्हणाली. अकरा? मग हसायला लागली, आतून, पोट धरून. बायको स्वयंपाकघरातून आली. तिला मी टक्क्यांचं आणि यादीचं तेवढं सांगितलं, प्रज्ञाचं अजून नाही. ते ती इथेच वाचेल. ती मार्कलिस्टकडे बघत म्हणाली, "अहो, केमिस्ट्रीचे सर नसताना चोपन्न पडले? मला तर सर असून बावन्न होते." एवढंच. ज्याच्यासाठी मी वीस वर्षं पहारा दिला, त्याची किंमत घरात एवढीच निघाली. मग प्रज्ञाच्या वर्षाची किंमत काय धरायची?

मुलगी हसून झाल्यावर माझ्या शेजारी बसली आणि जर्मनमध्ये म्हणाली, आता मी गणिताचं तुला विचारत जाईन. आधी का विचारत नव्हतीस, हे मी विचारलं नाही.

अश्विनीचा अर्ज मागच्या आठवड्यात माझ्या गठ्ठ्यात आला. चौदा जणांत पहिली, सदुसष्ट टक्के. पत्र साधं, दोन ठिकाणी इंग्रजी घसरलेलं, प्रकल्प मात्र असा की मंदारने तो दोनदा वाचला. मी समितीला लिहून दिलं की या मुलीची शिक्षिका माझ्या ओळखीची आहे, तेव्हा या अर्जावर मी मत देणार नाही. ते मंदार आणि प्राध्यापक देतील. सहा वर्षांपूर्वीच्या शेऱ्याबद्दलही लिहिलं, कुणी लिहिला आणि तो का चूक होता. त्याचं ते काय करायचं ते करतील. कदाचित गठ्ठा माझ्याकडून काढून घेतील. घ्यावा.

मत द्यायचं नव्हतं, पण ग्रामीण कॉलेजातल्या पहिल्या क्रमांकाचा अर्थ काय असतो, हे समितीला कुणीतरी समजावून द्यायला हवं होतं, आणि ते सगळ्याच अशा अर्जांसाठी. त्यासाठी एक पान लिहिलं. थेट यादी म्हणजे काय, केमिस्ट्रीची जागा रिकामी असणं म्हणजे काय. शेवटी लिहिलं: 'कॉलेज लहान असते. क्रमांकाला अर्थ असतो. उदाहरण सोबत जोडले आहे.'

पान घेऊन ऑफिसात गेलो. तिथल्या फ्राउ लिंडनर सगळ्या फाइली सांभाळतात, मी आलो तेव्हापासून. त्यांनी पान वाचलं, मग जोडलेला कागद उलटासुलटा करून बघितला. पिवळ्या पडलेल्या मार्कलिस्टची झेरॉक्स. त्यांनी नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत नाव वाचलं.

"हे तर तुम्ही," त्या म्हणाल्या.

"गेनाऊ," मी म्हटलं. अगदी बरोबर.

त्यांनी दोन्ही कागद एकत्र जुळवले, पंच मशीनमध्ये घातले आणि दाबलं. दोन भोकं पडली, एक माझ्या टक्क्यांच्या अगदी शेजारी. मग त्यांनी फाइल उघडली आणि कागद आत लावले, सगळ्यात वर.